समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ गेलं, मग सैन्यात समलिंगी व्यक्तीला उघडपणे नोकरी करायला नेमकं काय आडवं येतं?

शंकासुर :

एसएसबीच्या (सैन्यातल्या अधिकारी निवडीच्या मंडळाच्या) गटचर्चेसाठी हा विषय तयार करायचा आहे आणि जितकं वाचावं तितका गुंता वाढतोय. काही जण म्हणतात, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ३७७ चा निकाल दिला, विषय संपला. काही म्हणतात, जनरल बिपिन रावत यांनी जानेवारी २०१९ मध्ये पत्रकार परिषदेत लष्करात हे चालणार नाही असं स्पष्ट सांगितलं, म्हणजे बंदी आहेच. दोन्ही एकाच वेळी खरं कसं?

प्रश्न सरळ आहेत. बंदी कुठल्या कलमात लिहिली आहे? एखादा जवान किंवा अधिकारी समलिंगी आहे एवढंच कळलं तर त्याला काढता येतं का, आणि कोणत्या वाटेने? काढलंच तर दाद कुठे, किती मुदतीत? ब्रिटन-अमेरिकेने बंदी उठवली तेव्हा कागदावर काय काय बदलावं लागलं? 'आपली संस्कृती' विरुद्ध 'त्यांची संस्कृती' हा फड इथे रंगवू नका, त्यासाठी चार धागे आधीच पडलेत.

कलमदान :

दोन्ही खरं आहे, कारण दोघं वेगवेगळ्या कायद्यांबद्दल बोलतायत.

लष्कर कायदा १९५० मध्ये 'समलिंगी' हा शब्दच नाही. जे काही चालतं ते चार कलमांच्या आधाराने. कलम ४६(अ) : क्रूर, अश्लील किंवा 'अनैसर्गिक' प्रकारचं लज्जास्पद वर्तन. सात वर्षांपर्यंत कैद, आणि हे जवानापासून जनरलपर्यंत सगळ्यांना लागू. कलम ४५ : पदाला न शोभणारं वर्तन. हे फक्त अधिकारी, जेसीओ (ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर) आणि वॉरंट ऑफिसर यांना. अधिकाऱ्याला कॅशियरिंगपर्यंत, म्हणजे बेअब्रूसह बडतर्फीपर्यंत शिक्षा. कलम ६३ : सुव्यवस्था आणि शिस्तीला बाधा आणणारी कोणतीही कृती. दुसऱ्या कशात न बसणारं सगळं यात घालता येतं, इथेही सात वर्षांपर्यंत. आणि कलम ६९ : नागरी कायद्यातला गुन्हा सैनिकाने केला तर त्याचा खटला कोर्ट मार्शलमध्ये, म्हणजे लष्करी न्यायालयात, चालवायची सोय. हवाई दलाच्या कायद्यात ४५ आणि ४६ हे आकडेसुद्धा तेच आहेत.

६ सप्टेंबर २०१८ च्या नवतेज सिंग जोहर निकालाने यातलं फक्त एक दार बंद केलं, ६९ आणि ३७७ ची जोडी. दोन प्रौढांनी संमतीने, खासगीत केलेली गोष्ट नागरी गुन्हाच राहिली नाही, तर ती ६९ खाली आणणार कशी? १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात ३७७ च्या जागी काहीच नाही. बाकीची तीन कलमं मात्र न्यायालयासमोर नव्हतीच. ती जशीच्या तशी आहेत. रावत यांचं म्हणणंही तेच होतं, की लष्करी कायद्याच्या कलमांखाली कारवाई होईल.

आता 'एवढंच कळलं तर'. या कलमांचे शब्द वाचा, सगळीकडे 'वर्तन' किंवा 'कृती' आहे. लैंगिक कल म्हणजे वर्तन नव्हे. 'मी समलिंगी आहे' एवढं बोलल्यावरून ४६(अ) चं आरोपपत्र उभं राहत नाही. तारीख, ठिकाण, कृती, साक्षीदार लागतात. त्यामुळे खरा धोका कोर्ट मार्शलचा कमी आणि प्रशासकीय वाटेचा जास्त.

ती वाट अशी. अधिकाऱ्यासाठी कलम १९ आणि लष्कर नियम १९५४ मधला नियम १४. कोर्ट मार्शल करणं अव्यवहार्य किंवा अनुचित आहे असं केंद्र सरकारचं किंवा लष्करप्रमुखांचं मत झालं की कारणे दाखवा नोटीस, लेखी उत्तर, मग सेवा समाप्त. इतरांसाठी कलम २० आणि नियम १७, किंवा नियम १३ खाली सेवेतून मोकळं करणं. इथे साक्षीपुराव्याची चाळणी कोर्ट मार्शलइतकी बारीक नसते.

मुदतीचा एक सापळा लोकांच्या लक्षात येत नाही. कलम १२२ प्रमाणे बहुतेक अपराधांचं कोर्ट मार्शल तीन वर्षांनंतर सुरू करता येत नाही. वाटतं, जुनं प्रकरण गेलं. पण हरजीत सिंग संधू प्रकरणात (२००१) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ती मुदत टळली म्हणून कलम १९ चा अधिकार आपोआप संपत नाही. म्हणजे चार-पाच वर्षांपूर्वीची गोष्ट कोर्ट मार्शलला चालणार नाही, नोटिशीला चालू शकेल.

दाद. चौकशी सुरू असतानाच पहिली ढाल म्हणजे नियम १८०. कोर्ट ऑफ इन्क्वायरीत, म्हणजे लष्कराच्या अंतर्गत चौकशीत, एखाद्याच्या चारित्र्यावर किंवा लष्करी प्रतिष्ठेवर शिंतोडा उडत असेल तर त्याला संपूर्ण कामकाजात हजर राहायचा, साक्षीदारांची उलटतपासणी घ्यायचा, आपले साक्षीदार आणायचा हक्क आहे. तो नाकारला तर लगेच लेखी हरकत नोंदवायची. तोंडी हरकतीला पुढे काही किंमत उरत नाही. आदेश निघाल्यावर अधिकाऱ्याने कलम २७ ची, इतरांनी कलम २६ ची तक्रार. कोर्ट मार्शलची शिक्षा असेल तर कलम १६४ चा अर्ज. मग सशस्त्र दल न्यायाधिकरण. महाराष्ट्र, गोवा, गुजरात मुंबई खंडपीठाकडे. अंतिम आदेशापासून सहा महिन्यांत अर्ज. तक्रारीवर सहा महिने काहीच निर्णय आला नाही तर वाट पाहत बसायचं नाही, त्यापुढच्या सहा महिन्यांत थेट जायचं. न्यायाधिकरणानंतर उच्च न्यायालय बंद आहे असं अजूनही सर्रास सांगतात. ते २०१५ च्या श्रीकांत शर्मा निकालामुळे. मार्च २०२३ च्या परशोतम दास निकालाने अनुच्छेद २२६ ची, म्हणजे उच्च न्यायालयात रिट याचिकेची, वाट पुन्हा मोकळी केली आहे.

उत्तरध्रुव :

वरचा प्रतिसाद वाचताना ब्रिटनची आठवण येते, तिथे हेच घडून गेलंय. १९६७ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत, पण सैन्याला त्यातून वगळलं. १९९४ मध्ये सैन्यातही तो फौजदारी गुन्हा राहिला नाही. तरीही पुढची सहा वर्षं माणसं काढली जात होतीच, प्रशासकीय वाटेने. आपण सध्या साधारण त्या मधल्या टप्प्यावर आहोत.

तो टप्पा संपवला युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने. २७ सप्टेंबर १९९९ ला लस्टिग-प्रीन आणि बेकेट, तसंच स्मिथ आणि ग्रेडी या दोन प्रकरणांत निकाल लागला आणि १२ जानेवारी २००० ला बंदी उठली. साडेतीन महिन्यांत. त्यांनी समलिंगींसाठी वेगळा नियम केलाच नाही. सगळ्यांसाठी एकच सामाजिक आचारसंहिता काढली आणि कमांडरच्या हाती एकच कसोटी दिली : या वागण्याने युनिटच्या कार्यक्षमतेवर वाईट परिणाम झाला का, किंवा होण्याची शक्यता आहे का? हाताखालच्या शिपायाशी संबंध, सहकाऱ्याच्या जोडीदाराशी भानगड, नको असलेली लगट, सगळं याच मापाने. स्त्री-पुरुष असो वा दोन पुरुष. कमांडरला कोणाच्या खोलीत डोकावायची गरज उरली नाही आणि शिस्तीचं हत्यारही हातातून गेलं नाही. माझ्या मते आजवरचा सर्वांत कामाचा मसुदा हाच.

अमेरिकेची १९९३ ची 'विचारू नका, सांगू नका' ही पद्धत गटचर्चेत हमखास 'मधला मार्ग' म्हणून येते. ती कशी चालायची ते नीट बघा. विचारायचं नाही हे खरं. पण कोणी स्वतःहून सांगितलं की तो समलिंगी संबंध ठेवणारच असं गृहीत धरलं जायचं आणि ते खोडून काढायची जबाबदारी त्याच्यावर. कमांडरला 'विश्वासार्ह माहिती' मिळाली की चौकशी. मग ती माहिती पत्रातून येवो, कोणाच्या चुगलीतून येवो. तेरा हजारांहून जास्त लोक याखाली गेले. आणि लपवायला भाग पाडलेली गोष्ट ब्लॅकमेल करणाऱ्याच्या हातात आयतं कोलीत देते. गंमत अशी की १९९५ मध्येच राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने केवळ लैंगिक कलावरून गोपनीय माहितीची परवानगी नाकारायला मनाई झाली होती. म्हणजे गुप्त कागद हाताळायला माणूस चालतो, बराकीत चालत नाही.

ती पद्धत मोडताना त्यांनी फार सावध पावलं टाकली. आधी जे जॉन्सन आणि जनरल कार्टर हॅम यांचा अभ्यासगट, सुमारे चार लाख सैनिकांना प्रश्नावली, सुमारे १,१५,००० उत्तरं. अहवाल ३० नोव्हेंबर २०१० ला. २२ डिसेंबरला कायद्यावर सही, पण अंमल लगेच नाही. राष्ट्राध्यक्ष, संरक्षणमंत्री आणि संयुक्त सेनाप्रमुख अशा तिघांनी 'तयारी झाली' असं प्रमाणपत्र द्यायचं, त्यानंतर ६० दिवस थांबायचं. प्रमाणपत्र २२ जुलै २०११, अंमल २० सप्टेंबर २०११. मधल्या काळात तीन थरांत प्रशिक्षण : आधी कायदा अधिकारी, धर्मगुरू वगैरे जाणकार, मग कमांडर, शेवटी सगळे.

चुकलं कुठे? क्रमात. लोकांना राहू दिलं, पण विवाहाची केंद्रीय व्याख्या बदलली नाही. त्यामुळे जोडीदाराला घर, वैद्यकीय सेवा काही नाही, ते समलिंगी विवाहांना केंद्रीय मान्यता देणाऱ्या २६ जून २०१३ च्या विंडसर निकालानंतर आलं. लष्करी दंडसंहितेतलं कलम १२५, म्हणजे त्यांचं ३७७, संमतीच्या संबंधांसाठी डिसेंबर २०१३ मध्ये गेलं. मधली दोन वर्षं माणूस उघडपणे नोकरीत आणि कागदावर गुन्हेगार.

ट्रान्सजेंडर सैनिकांचा प्रश्न यात मिसळू नका. अमेरिकेत त्याचा कायदेशीर प्रवास पूर्ण वेगळा आहे, २०२५ मध्ये तिथे पुन्हा बंदी लागू झाली. समलिंगींच्या बाबतीत २०११ चा निर्णय कायम आहे.

रोखठोक :

कागद ठीक. पण आपल्याकडे बराकीत वीस-तीस खाटा शेजारी शेजारी, नहाणीघर सामायिक, सियाचीनच्या चौकीवर एका फायबरच्या झोपडीत महिनोन्महिने. वेगळी सोय करणार का? आणि केली नाही तर पहिली तक्रार सीओच्या (युनिटच्या कमांडिंग ऑफिसरच्या) टेबलावर येणार. त्याने काय करायचं?

उत्तरध्रुव :

वेगळी सोय करायचीच नाही. अमेरिकेच्या अभ्यासगटाने याचा खास विचार केला आणि उलट शिफारस केली : लैंगिक कलावरून खोल्या किंवा स्नानगृहं वेगळी करायला स्पष्ट मनाई करा. कारण वेगळी खोली म्हणजे दारावर पाटी लावणं, आणि आज ना उद्या कमांडरला 'कोण कोण आहे' याची यादी ठेवावी लागणं. तक्रार आली तर कमांडरने विचारायचा प्रश्न एकच : त्याने केलं काय? कृती सांगता आली तर छळाच्या किंवा शिस्तीच्या नियमाखाली चौकशी. 'शेजारी झोपायला नको वाटतं' एवढंच असेल तर खाट बदलून द्यायचा अधिकार सीओला कुठल्याही दोन न पटणाऱ्या माणसांसाठी असतोच.

त्या पाहणीतला एक आकडा तुमच्या मुद्द्याशी थेट भिडतो. समलिंगी सहकाऱ्याबरोबर प्रत्यक्ष काम केलेल्यांपैकी ९२ टक्क्यांनी युनिटचं एकत्र काम चांगलं, फार चांगलं किंवा धड चांगलं ना वाईट असं सांगितलं. चिंता जास्त होती ती असं काम कधी न केलेल्यांत, आणि प्रत्यक्ष लढणाऱ्या तुकड्यांत. ती दुसरी गोष्टही लपवू नये.

शंकासुर :

जबरदस्त माहिती. कलमदान, एक शंका. जोसेफ शाईन, म्हणजे व्यभिचाराच्या कलमाच्या, प्रकरणात जानेवारी २०२३ ला न्यायालयाने सैन्याला सूट दिली म्हणतात. म्हणजे ३७७ च्या बाबतीतही तसंच होणार ना?

कलमदान :

'सूट दिली' हे वर्तमानपत्री वाचन. ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशात घटनापीठाने एवढंच म्हटलं की व्यभिचाराच्या निकालात आपण सैन्य कायद्यांचा विचार केलाच नव्हता, त्यामुळे त्या निकालाचा त्या कायद्यांवर परिणाम नाही. बरोबर की चूक, यावर मत दिलेलं नाही. पण तर्क ३७७ लाही लागू पडू शकतो हे मान्य, आणि त्यामागे अनुच्छेद ३३ उभा आहे. सैन्याच्या बाबतीत मूलभूत हक्क किती आटोक्यात ठेवायचे हे संसद कायद्याने ठरवू शकते. राम सरूप आणि पृथी पाल सिंग बेदी (१९८२) या निकालांपासून न्यायालय लष्कर कायद्याकडे याच नजरेने बघत आलंय. म्हणून '४६(अ) घटनाबाह्य आहे' असं आव्हान दिलं की डोकं थेट भिंतीवर.

वेगळी वाट अर्थ लावण्याची आहे. कलमाला हात न लावता एवढंच म्हणायचं की 'अनैसर्गिक' या शब्दात संमतीचे समलिंगी संबंध आता येत नाहीत, कारण लैंगिक कल नैसर्गिक आहे असं सर्वोच्च न्यायालयानेच जोहर निकालात म्हटलंय. इथे हक्क विरुद्ध शिस्त असा सामना होत नाही, शब्दाचा अर्थ ठरतो. सोबत लष्करातल्या स्त्री अधिकाऱ्यांबद्दलचा बबिता पुनिया निकाल (१७ फेब्रुवारी २०२०). ग्रामीण भागातले जवान स्त्रीचा हुकूम मानायला मनाने तयार नाहीत असा सरकारचा मुद्दा होता, न्यायालयाने तो साचेबद्ध पूर्वग्रह म्हणून फेटाळला. 'जवानांना चालणार नाही' हे कारण समलिंगींच्या बाबतीत पुढे केलं तर उत्तर तिथे आहे. मात्र ४५ आणि ६३ उरतातच, त्यांना असा एक शब्द नाही ज्याला धरून ओढता येईल.

आता चळवळीतल्यांना न आवडणारी गोष्ट. '४६(अ) रद्द करा' ही मागणी घातक आहे. ३७७ चा उरलेला भाग, जो जबरदस्तीच्या संबंधांना लागू होता, तो न्याय संहितेत आलाच नाही. बलात्काराच्या कलमात पीडित फक्त स्त्री. कार्यालयीन लैंगिक छळाचा २०१३ चा कायदाही स्त्री तक्रारदारापुरता. एखाद्या वरिष्ठाने तरुण शिपायावर जबरदस्ती केली तर लष्कराकडे नेमकं कलम उरतं ते हेच. ते काढलंत तर सगळ्यांत दुबळा माणूस उघडा पडतो. म्हणून आधी संमतीवर आधारलेलं, लिंगनिरपेक्ष लैंगिक अत्याचाराचं कलम घाला, त्यात हुद्द्याच्या दबावाखालची संमती ही संमती नव्हे असं लिहा, आणि मग 'अनैसर्गिक' हा शब्द गाळा. तिन्ही दलांच्या कायद्यांत एकाच वेळी.

हिशेबनीस :

पैशाची बाजू कोणी काढली नाही म्हणून. उद्या शिस्तीची सगळी कलमं सुधारली तरी जोडीदाराला सैन्याकडून काहीच मिळत नाही, कारण १७ ऑक्टोबर २०२३ च्या सुप्रियो निकालाने समलिंगी विवाहाचा हक्क मान्य केला नाही. विवाह नाही, म्हणून कुटुंबाचं क्वार्टर नाही, ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) नाही, कुटुंब निवृत्तिवेतन नाही. आणि कुटुंब निवृत्तिवेतन मृत्युपत्राने देता येत नाही. १९९१ च्या व्हायोलेट इसाक निकालाप्रमाणे ती मृताची मालमत्ताच नव्हे.

मग हातात काय राहतं? संयुक्त बँक खातं, 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात राहील तो' या प्रकारचं. अर्थ मंत्रालयाने २८ ऑगस्ट २०२४ ला खुलासा केलाय की असं खातं उघडायला किंवा जोडीदाराला नामनिर्देशित करायला आडकाठी नाही. शाखेत का कू केली तर त्या खुलाशाची प्रत समोर ठेवा. खासगी विम्यात मात्र सावध. विमा कायद्यातल्या २०१५ च्या दुरुस्तीनंतर आईवडील, पती-पत्नी, मुलं हेच 'लाभार्थी' नामनिर्देशित होतात. जोडीदाराचं नाव घातलं तर पैसे त्याच्या हातात येतील, पण वारस ते मागू शकतात. त्यामुळे नामनिर्देशन केलं तरी मृत्युपत्र हवंच. साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात, आणि जोडीदाराला साक्षीदार करायचं नाही. नोंदणी सक्तीची नाही, तरी करून ठेवलेली बरी, भावकी कोर्टात गेली की उपयोगी पडते.

गटचर्चेत परदेशी उदाहरण हवं असेल तर ब्रिटनचा उशिरा आलेला हिशेब सांगा. बंदी उठली २००० मध्ये, पण काढलेल्यांची पदकं, पेन्शन, नोंदी तशाच राहिल्या. या बंदीची झळ बसलेल्यांबद्दलचा इथरटन अहवाल आणि पंतप्रधानांची माफी जुलै २०२३ मध्ये. डिसेंबर २०२४ मध्ये भरपाई योजना, ७.५ कोटी पौंडांची, कलामुळे काढलेल्याला ५०,००० पौंड. जर्मनीने २०२१ च्या कायद्याने ३,००० युरो ठरवले.

गस्त :

दोन व्यवहारातल्या गोष्टी, ज्या कलमांच्या चर्चेत निसटतात.

एक, मोबाइल. जुलै २०२० मध्ये लष्कराने ८९ अ‍ॅप काढून टाकायचा आदेश दिला, त्यात डेटिंगची अनेक होती. म्हणजे चौकशीत फोन तपासला आणि असं अ‍ॅप सापडलं, तर समोरचा पुरुष होता की स्त्री हा प्रश्न येण्याआधीच आदेशभंगाचा मुद्दा तयार असतो. कलावरून कारवाई केली असं नंतर सिद्ध करणं मग फार अवघड जातं, कारण कागदावर कारण वेगळंच असतं. नोटिशीत नेमकं काय लिहिलंय ते म्हणूनच ओळीओळीने वाचायचं.

दोन, मानसोपचार. एखाद्या सीओला 'याला डॉक्टरकडे पाठवू' हा सभ्य मार्ग वाटू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून १९९० मध्येच काढली, आणि मानसिक आरोग्य कायदा २०१७ मान्यताप्राप्त वैद्यकीय निकषांपलीकडे जाऊन कोणालाही मनोरुग्ण ठरवू देत नाही. कल 'बदलून देणारे' उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन आहे असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये राज्य परिषदांना कळवलंय. लष्करी डॉक्टरचीही नोंदणी कुठल्या तरी परिषदेत असतेच. वैद्यकीय श्रेणी कमी केली तर निदानाच्या रकान्यात काय लिहिलंय त्याची प्रत मागायची. नैराश्य किंवा चिंताविकार असं लिहिलं असेल तर तो वेगळा विषय, त्यावर उपचार घ्यावेत. कल हेच कारण लिहिलं असेल तर तो कागद न्यायाधिकरणात फार उपयोगी पडतो.